चौदावा प्रश्न

रविवार, १४ जून

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार पत्रातूनच. खरा घालायचा तर गुडघे कुरकुरतात. इकडे सगळे ठीक. आईचं ऐकण्याचं यंत्र अखेर बसलं, त्यामुळे तिच्या पाठीमागे बोलायची सोय उरली नाही. भावजींचा खोकला थांबला का?

माझं नैराश्यावरचं संशोधन मात्र जरा खोळंबलंय. मागच्या आठवड्यात बारा फॉर्म कमी पडले आणि मी आगाऊपणे ते आपल्याच घरात वाटले. नातेवाइकांकडून भरून घ्यायचे नसतात, हा नियम मला पाठ होता. म्हटलं, फॉर्मवर नाव तर नसतंच, कुणाला कळतंय!

मलाच कळलं, ताई.

शेवटच्या पानाखाली लाल पेनाने गुणांची बेरीज करून भोवती गोल कोण काढणार? पंचवीस वर्षं पेपर तपासणारी बाईच. आधी हसू आलं. मग बेरीज बघितली आणि पानं मागे उलटत गेले. चौदावा प्रश्न: ‘आपण नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही, असं वाटतं का?’ तू ‘नेहमी’वर खूण केली होतीस.

काल दिवसभर तो फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. विचारावं तर नाव गुप्त राहील हा दिलेला शब्द मोडतो, गप्प बसावं तर बहीण कसली! शेवटी आज सकाळी माझ्या मार्गदर्शक बाईंपाशी चूक कबूल केली, तुझं नाव न घेता. त्यांनी कान उपटले, बाराही फॉर्म रद्द केले. मग म्हणाल्या, “तो कागद आता संशोधनाचा नाही. जिचा आहे तिला दे, आणि आजच जा.”

तो सोबत आहे. फाड नाहीतर ठेव. आई, भावजी, कुणालाही काही बोललेले नाही. तळाशी समुपदेशकांचा नंबर मी मुंगीएवढ्या अक्षरांत छापला होता, तुला चष्म्यातूनही दिसला नसेल. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलाय. म्हणशील तर बरोबर येते.

‘कोणत्याही प्रश्नाचं उत्तर न देण्याचा आपल्याला हक्क आहे,’ हे फॉर्मवर मीच लिहिलंय. तो हक्क तुला आजही आहे. काही सांगू नकोस, नुसता चहा टाक. तोंडाने बोलायला गेले की मी आधी रडते, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतेय. मी खाली बाकावर बसलेय. खिडकीतून हाक मार. उशीर झाला तरी मी हलणार नाही.

तुझ्यावाचून जिचं नेहमी अडतं,
ती तुझी धाकटी