दहिवरातली बाग

१४ जून २०२०
जून, म्हणजे इथला हिवाळा. सकाळी लॉन पांढरं. दव गोठलेलं. सासूबाईंनी, म्हणजे निखिलच्या आईंनी, शेवंतीवर टाकलेली जुनी चादर पापडासारखी कडक. उन्हं यायच्या आत आई गार पाण्याची झारी घेऊन बाहेर. बर्फ हळूहळू वितळला तर पान वाचतं, एकदम ऊन लागलं की काळं पडतं म्हणे.
"हे कुठे शिकलात?"
"माहेरी, निफाडला. द्राक्षांना असंच जपायचे."
फेब्रुवारीत आल्या, मेमध्ये परत जायच्या होत्या. विमानं बंद. सासरे, अण्णा, नाशिकला एकटे. परदेशातलं, क्रेगीबर्नमधलं आमचं हे पाच वर्षांचं घर, मागे नुसतं गवत होतं. आता कडेने कुंड्या.

२८ जून
गोगलगायींनी पॅन्सीची फुलझाडं खाल्ली. अंड्याची टरफलं कुटून पसरली, त्यांना काही फरक नाही. शेजारची कॅथी कुंपणावरून म्हणाली, बशीत बीअर ठेव. आईंना समजावून सांगितलं. काल दुपारी फ्रीजमधला निखिलचा बीअरचा कॅन गायब. आज सकाळी बशीत बुडालेल्या गोगलगायी.
"अण्णांना बोलू नकोस हं," आई म्हणाल्या. बराच वेळ हसत होत्या.
अण्णांचा रोजचा फोन: साखर कुठे, गॅसचं पुस्तक कुठे. आई कप्पा सांगतात, खालून दुसरा. फोन बंद. तब्येत कशी आहे, कुणीच कुणाला विचारत नाही.

११ जुलै
पुन्हा लॉकडाउन. नि. बेडरूममधून काम, मी डायनिंग टेबलवर, आमच्या लेकीची, ईराची, शाळा सोफ्यावर. आईंनी गुलाब छाटले, कापलेल्या टोकांना हळदीचा लेप. इतके बोडके केले की मला भीती वाटली. हात पिवळे, तशाच स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या डब्यांच्या जागा बदलल्या. जिऱ्याच्या जागी मोहरी. विमानं सुरू झाली की पुन्हा लावीन.

२ ऑगस्ट
रात्रीची संचारबंदी. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. नर्सरीही बंद, म्हणजे घरात आहे त्यावर भागवायचं. स्वीट पीच्या वेलावर भुरी आली, पानं पांढरी. आईंनी ताकात पाणी घालून फवारलं, बाटली काच पुसायच्या स्प्रेची.
ईरा: "आजी, इट स्टिंक्स."
"तुझ्या सॉक्सपेक्षा बरं."
तिला मराठी कळतं. उत्तर इंग्रजीतच.

१९ ऑगस्ट
आईंना सीट मिळाली. पुढच्या आठवड्यातलं खास विमान, मुंबईपर्यंत. नि. महिनाभर मागे लागला होता. मीटिंग सोडून बाहेर आला सांगायला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आई नुसतं "बरं" म्हणाल्या आणि डॅफोडिलला तांदळाचं धुवण घालत राहिल्या.
संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर तिथेच बसलेल्या.
"मुग्धा, ती सीट दुसऱ्या कुणाला देता येईल का?"
मला वाटलं इथलं आवडलंय त्यांना. तसं म्हटलं.
"इथलं काय, थंडीने हाडं दुखतात. मला तिथे जायचं नाहीये."
मग म्हणाल्या, एकदा त्या निफाडला गेल्या होत्या तेव्हा अण्णांनी अंगणात फरशी घातली. परत आल्या तर जास्वंद, निशिगंध, सगळं गेलेलं. चप्पल चिखलाची होते म्हणून. "काही बोलले नाहीत. चहा ठेव म्हणाले. मी ठेवला." धुवणाचं रिकामं भांडं उपडं केलं. "तेवढंच नाही गं. तसंच सगळं."
अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार.

२० ऑगस्ट
नि.ला त्यांनी सांगितलं, गुडघा दुखतोय, इतका प्रवास झेपणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी चिरत होते. सीट गेली.
मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं. तरी नि.ला खरं सांगितलं नाही. का, ते मलाही नीट कळत नाही.

६ सप्टेंबर
अण्णा पॉझिटिव्ह. ताप, खोकला, ऑक्सिजन ठीक. शेजारचे दाराबाहेर डबा ठेवून जातात. नि. फोनवरून डॉक्टर शोधतोय. जेवताना एकदम म्हणाला, "तू तिथे असतीस तर, आई."
आई ताटावरून उठल्या नाहीत. भात संपवला. मग बाहेर. गुलाबाच्या नव्या कोंबांवर मावा आलाय, साबणाचं पाणी मारत होत्या. मी खिडकीतून पाहत होते. एकच झाड, पुन्हा पुन्हा. ओल्या पानांवरून फेस खाली गळत होता. मी जाऊन बाटली घेतली हातातून.
"ते मेले तर?" म्हणाल्या.
दोघी बसलो तिथेच, थंडी वाजेपर्यंत.

२५ सप्टेंबर
अण्णा बरे. अशक्तपणा आहे. स्वीट पी फुलली, जांभळी. आईंनी वाटीत पाणी घालून देवापुढे ठेवली.
दुपारी अण्णांचा फोन माझ्या मोबाइलवर. कधी करत नाहीत. आधी हवा, मग ईराची शाळा. मग, "मुग्धा, तिचा गुडघा खरंच दुखतो का?"
मी म्हटलं, "अण्णा, ते तुम्ही त्यांनाच विचारा."
अण्णा "बरं" म्हणाले.
नि.ला सांगितलं नाही. आईंनाही.

४ ऑक्टोबर
विमानाचा पुन्हा मेल. एक सीट आहे, उद्यापर्यंत कळवायचं. नि. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतोय. आई कॅथीने दिलेले डेलियाचे कंद वाफ्यात लावत होत्या. फुलं इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत येतील म्हणे. तोवर कोण कुठे.
चारच्या सुमारास अण्णांचा फोन. आईंनी उचलला, कप्पा सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. ऐकत राहिल्या, एक हात गुडघ्याशी गेला. मग मातीच्या हातानेच फोन घेऊन बाहेर गेल्या, स्लायडिंग डोअर मागे ओढून घेतलं.
काचेतून दिसतायत. पाठ आमच्याकडे. आता त्याच बोलतायत. इतका वेळ त्यांना बोलताना मी पाहिलेलं नाही.
"काय म्हणतेय?" नि.ने विचारलं.
"ऐकू येत नाही."
तो दाराशी गेला. मी म्हटलं, "नको उघडूस."
थांबला.
मी भात लावला, चौघांचा. अजून बोलतायत.