भिंत न घालण्याबाबत

मी, श्रीमती इंदूबाई गोविंदा मुनेश्वर, वय अडुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत राहून आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात गुडघे नाहीत, म्हणून मीच सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो टाकण्याचा हक्क फक्त माझे पती गोविंदा यांना होता. ते दोन वर्षांपूर्वी वारले, आणि असताना त्यांनाही ते कधी जमले नाही.

मला दोन अपत्ये. मुलगा राजदीप पुण्याला नोकरीस असतो. मुलगी साधना कळंबला दिलेली आहे. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१) आर्णी येथील राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर स्लॅब. प्लॉट माझ्या नावावर घ्यायचा हट्ट गोविंदांचा होता. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. वडिलोपार्जित काहीही यात नाही, त्यामुळे हे कोणाला द्यायचे ते मी ठरवणार.

गावात आम्ही घर बांधले तेव्हा शेजाऱ्याला विचारले की काम झाले होते. इथे आल्यावर कळले की घराला परवानगी लागते, परवानगीला नकाशा लागतो, आणि नकाशा काढायला परवानाधारक माणूस लागतो. आमचा पहिला नकाशा परत आला, कारण संडासाची टाकी बोअरवेलला चिकटून दाखवली होती. तेव्हा मी परवानगी देणाऱ्या इंजिनिअर साहेबांना मनातल्या मनात बरेच बोलले. आज तेच पाणी पिते आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते हे लेखी मान्य करते. पुढे जोत्यापर्यंत काम आले की थांबायचे, साहेब मोजून गेले की मग भिंती, असा नियम. ते येईपर्यंत गोविंदा रोज जोत्यावर पाणी मारत आणि आम्ही दोघे त्या रिकाम्या जोत्यावर बसून चहा पीत असू. इतके सुखाचे दिवस पुढे भिंती झाल्यावरही फार आले नाहीत.

हे घर राजदीप आणि साधना यांना निम्मे-निम्मे द्यावे, पण कलम दोनच्या अटीवर.

२) घराच्या पूर्वेची मोकळी जागा. हे कलम नीट वाचावे, कारण मृत्युपत्र मी त्याच्यासाठीच करते आहे.

परवानगी देताना साहेब म्हणाले होते, "बाजूला सामासिक अंतर सोडावं लागेल." सामासिक म्हणजे वहीला सोडतो तसा समास, घराच्या कडेने सोडायची आपलीच मोकळी जागा. मी मात्र ऐकले ते सामाईक. मुलांना अक्षरे शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने हे ऐकले, याची लाज मला आजही थोडी वाटते. शेजारच्या प्लॉटवर तेव्हाच लालीबाई शंकरसिंग राठोड यांचे काम सुरू होते. मी लगेच जाऊन तिला सांगितले, "मधातली जागा दोघींची सामाईक राहीन, साहेबांनं सांगतलं." ती म्हणाली, "बरं झालं बाई, भिंतीचा खर्च वाचला." तिनेही तिच्या बाजूचे अंतर सोडले. दोघींनी आपापले एक दार त्या जागेत काढले आणि मध्ये भिंत घातलीच नाही.

घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्रासाठी साहेब पाहणीला आले. नकाशात कुंपणाची भिंत होती आणि जागेवर आम्ही दोघी एका चादरीवर तूर निवडत बसलो होतो. "भिंत कुठं आहे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "साहेब, तुम्हीच तं सामाईक म्हणाले." त्यांना आधी कळेना, मग हसू आवरेना. त्यांनी नकाशाच्या कडेला बोट ठेवून मला समास दाखवला. नंतर म्हणाले, "जागा मोकळी आहे ना? मला तेवढंच पाहायचं आहे. भिंत नसली तरी चालेल." आणि प्रमाणपत्र मिळाले. गोविंदांनी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली. मला बसवून सांगितली.

ती चूक मी मुद्दामच सुधारली नाही. गृहप्रवेशाची बुद्धवंदना त्याच जागेत झाली, कारण घरात माणसे मावेनात. लालीबाईच्या नातवंडांचे पहिले पाऊल तिथे पडले. ती मला याडी म्हणतात, म्हणजे त्यांच्या गोर बोलीत आई. गोविंदा अंथरुणाला खिळले तेव्हा हिवाळ्यात त्यांची खाट तिथेच उन्हात असायची. ऊन सरकले की खाट सरकवायला मी एका बाजूने आणि लालीबाई दुसऱ्या बाजूने.

मागच्या दिवाळीत राजदीप आला आणि टेप घेऊन ती जागा मोजू लागला. म्हणाला, "आई, इथं शटर टाकू. मोबाईलचं दुकान निघते. आपल्या हद्दीवर भिंत घालून घेऊ." मी म्हटले, "आन् लालीबाई?" तो म्हणाला, "कागदावर आपली हाये ना जागा?" हाये, म्हणाले. "मंग?" लालीबाई तिच्या दारात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिने कपडे गच्चीवर वाळत घालायला सुरुवात केली. मी विचारायला गेले तर म्हणाली, "तुह्या पोराची जागा हाये. मी कायले पाय टाकू?" इतके वाईट मला गोविंदा गेल्यानंतर कधीच वाटले नव्हते.

तेव्हा राजदीप, तुझ्या "मंग"चे उत्तर हे. परवानगीच्या अटीप्रमाणे तिथे बांधकाम चालतच नाही, पण मला हे नियमाच्या धाकाने व्हायला नको आहे. तुझे बाबा गेले त्या दिवशी तू पुण्याहून येईपर्यंत ते त्याच जागेत होते आणि लालीबाई त्यांच्या उशाशी बसून होती. तू आलास तेव्हाच ती उठली. तू वाईट नाहीस, घाईचा आहेस. माझ्या हद्दीतल्या त्या जागेतून जाण्यायेण्याचा, बसण्याचा, वाळवण घालण्याचा हक्क शेजारच्या राठोड कुटुंबाला कायम राहील. तिथे कोणीही भिंत, शटर किंवा फाटक घालायचे नाही. राजदीपने घातल्यास त्याचा निम्मा हिस्सा साधनाला जाईल. साधनाने घातल्यास तिचा राजदीपला. दोघांनी मिळून घातल्यास मी मेलेलीच असेन, पण गप्प बसणार नाही.

३) बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च साधाच करावा, उरेल ते दोघांनी वाटून घ्यावे. जेवणावळी नकोत.

४) बांधकामाचे सामान. फावडे, घमेली आणि पाण्याची नळी राजदीपला. भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा माझे दीर उकंडा यांच्याकडे आहे. त्यांनी गुरांचा कोठा बांधताना एका दिवसासाठी नेला होता. तो मी त्यांनाच देते, म्हणजे जे आहे ते कायदेशीर होईल. कोठ्याची भिंत पाहता त्यांनी तो वापरलेला दिसत नाही.

५) लालीबाई राठोड यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

याचा खुलासा करते. कलम दोनमध्ये आधी तिचे नाव होते. ती सही करायला नवे लुगडे नेसून, चष्मा घेऊन आली. वकील सुरभीताई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या वाद निघतो. दुसरा साक्षीदार आणू, असेही म्हणाल्या. लालीबाई उठली नाही. म्हणाली, "मंग माह्यं नाव काढा. मले काई देऊ नका, पण सही मीच करीन." मी पुष्कळ समजावले. शेवटी तिचे नाव खोडून हक्क तिची सून प्रेरणा आणि तिच्यामागून येणाऱ्यांच्या नावे केला आहे. खाडाखोडीजवळ माझी सही आहे. कलम दोनमधील राठोड कुटुंब म्हणजे तेच समजावे. लालीबाईला त्या जागेत बसण्यापासून अडवायचे असेल, तर तिच्या सुनेने अडवावे. पाहू तिची हिंमत.

६) या सर्वाची अंमलबजावणी साधनाने करावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्याच बोलण्याप्रमाणे आहे. मी समाधानी आहे.

ठिकाण : आर्णी
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५

(सही) इंदूबाई गोविंदा मुनेश्वर

साक्षीदार

१. इंदूबाईंनी माझ्यासमक्ष सही केली.
(सही) गोपाल सदाशिवराव ठाकरे, निवृत्त शिक्षक, आर्णी

२. इंदूबाईनं माह्यासमोर सही केली. ते पुरी शुद्धीवर हाये. मले याच्यातून काईच भेटलं नाई, हे बी लिवून घ्या.
(सही) लालीबाई शंकरसिंग राठोड, शेजारीण