कोटाचं दुसरं बटण

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. जिन्याचा कठडा दुरुस्त करून घेतला. ह्यांची पुस्तकं वकिलांच्या वाचनालयाला दिली, कपाट रिकामं झालं. ह्यांना जाऊन परवा पाच महिने होतील.

रविवारी तू लिहिलेलं नाटक पाहिलं. तुला कळवलं नव्हतं, मागच्या रांगेत बसले. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली की हा खराच न्यायाधीश वाटतो. वाटणारच. चष्मा ह्यांचा, 'आठवण म्हणून' तू नेलेला. खाकरणंही ह्यांचं. मास्तरांची नक्कल करून छड्या खाणारा तू, तेवढं उचलशील हे मी धरूनच चालले होते.

पण निकालाच्या आदल्या दिवशी दोन निकाल लिहायचे, एक शिक्षेचा, एक सुटकेचा, आणि सकाळी त्यातला एक फाडायचा, ही ह्यांची रीत कोर्टातल्या कारकुनालाही ठाऊक नव्हती. टोपलीतले तुकडे मीच गोळा करायचे. तुला कोणी सांगितली? इस्पितळात मी औषधं घेऊन आत आले की तुम्ही दोघं गप्प व्हायचात. मी मनाला सांगायचे, मेहुण्या-भाऊजींची थट्टा चालली असेल. आता तसं वाटत नाही.

शेवटच्या प्रवेशात सुटकेचा कागद फाडण्याआधी तुझा हात कोटाच्या दुसऱ्या बटणावर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

ते बटण मी शिवलं होतं. गोदामाच्या आगीचा निकाल होता, त्या सकाळी. कोट ह्यांच्या अंगातच होता, दोन्ही कागद टेबलावर. रखवालदाराविरुद्ध धड पुरावा नाही, असं हे दोनदा म्हणाले. सारं गाव त्याच्यावर उठलं होतं. मी दाताने दोरा तोडला आणि म्हटलं, "सोडलंत त्याला, तर उद्यापासून आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही."

एवढंच. ह्यांनी सुटकेचा कागद फाडला.

रखवालदार तुरुंगातच वारला. वर्षभराने आग लावणारा सापडला. पुढे सव्वीस वर्षं हा विषय ह्यांनी काढला नाही, मीही नाही. ह्यांनी ते नीट ऐकलंच नसेल, अशी मी मनाची समजूत घालत आले.

तुझ्या नाटकात ते वाक्य आहे. अक्षर न् अक्षर. पण न्यायाधीशाची बायको नाटकात कुठे नाहीच. न्यायाधीश ते स्वतःच्याच मनातलं म्हणून बोलतो.

तू माझी लाज राखलीस, की ह्यांनीच ते स्वतःचं म्हणून तुला सांगितलं? तू राखली असलीस, तर ह्यांनी जाताना माझ्या नावाने बोटं मोडली, एवढं मला कळेल. ह्यांनीच तसं सांगितलं असेल, तर शेवटपर्यंत मला पाठीशी घातलं. आणि मी मात्र दाराबाहेर कान लावून उभी राहायचे, माझ्याच तक्रारी चालल्यात असं समजून.

दोन्हींतलं खरं ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तुझी नक्कल मी लहानपणापासून ओळखते.

आणि पुढच्या प्रयोगापासून ते वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी ठेवू नकोस. टेबलाजवळ एक बाई उभी कर, हातात सुईदोरा दे.

ते वाक्य जिचं आहे ती,
तुझी ताई