केळीच्या बुडाशी ओतलेली पेज

प्रिय दादा,

होतास तेव्हा तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. एका घरात राहणाऱ्यांना कसली पत्रं? पण उद्या गुरुवार आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला साखरेच्या तरुण पेशंटांसमोर बोलायला बोलावलंय आणि काय बोलायचं ते मी घरात कुणाला सांगू शकत नव्हते. घरात आहे तरी कोण? आई आणि मी. आणि आईपासूनच तर लपवायचं होतं.

हो रे, मलाही साखर निघाली. कारखान्यात तुझ्या जागेवर मला घेतलं, तुझं स्टूल मिळालं, तुझा पत्र्याचा डबा मिळाला, आणि आता हेही तुझंच. आंब्याचा रस शिजत असतो, पाठीमागे साखरेच्या पोत्यांची थप्पी, आणि मी आपली डब्यांना लेबलं चिकटवते. तहानेनं घसा कोरडा पडायला लागला तेव्हाच मनात चर्र झालं होतं. तूही असाच कळशीला तांब्या लावून उभा असायचास ना?

आईनं ऐकलंन आणि आधी खिडकी लावलीन. "कुणाला बोलू नको गो. लग्नाची पोर तू." तेव्हापासून लघवी तपासायची ती मोरीत, कडी लावून. काचेच्या नळीत ते निळं औषध, खाली स्पिरिटचा दिवा, जीव गुदमरतो नुसता. आई बाहेर उगाच खळखळ पाणी ओतत राहते, पलीकडच्या काकूंनी काय चाललंय विचारू नये म्हणून. हसशील तू. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं.

तुझी नळी आठवते? निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर वाईट. तुझं कायम विटकरी. आणि आपण सगळे गोळ्यांना शिव्या घालायचो. "भात बंद," एवढंच तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तू भात खरोखर सोडलास. गणपतीतसुद्धा पानातला भात बाजूला सारलास, तेव्हा आईचे डोळे भरून आले होते. मग तिनं तुझ्यासाठी पेज सुरू केली. सकाळी उठल्यावर पेज, कारखान्यात न्यायला डब्यात पेज, आल्यावर पेज. उकड्या तांदळाची, वर मिठाचा खडा, बाजूला सुकटीची चटणी. आजारी माणसाला आपल्याकडे दुसरं देतात काय? पेज म्हणजे भात, हे आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

मलाही नव्हतं ठाऊक. मागच्या महिन्यात बाईंनी आम्हा तरुण पेशंटांना एकत्र बसवलं होतं. साखर म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, म्हणून आमच्या वयाच्यांना कुणी काही शिकवत नाही, आणि छापील कागद देतात त्यावर ज्वारीची भाकरी, जी आपल्याकडे कुणी खात नाही. नाटे बंदरावरचा एक खलाशी होता, तुझ्यासारखाच आडदांड. तो छातीठोकपणे म्हणाला, "बाई, मी भात सोडलाय. पेजेवर हाय नुसता." बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला शांतपणे समजावलं की पातळ केला तरी तो तांदूळच, उलट लवकर अंगात भिनतो. तो खलाशी मान हलवत होता. मला तू दिसत होतास, मांडी घालून, वाटी तोंडाला लावलेला.

घरी आले तर चुलीवर पेज. माझ्यासाठी. "भात नको ना तुला, मग ही घे गरम गरम."

काय करायचं होतं मी, सांग ना. नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार. का ते सांगितलं तर तिला दुसरं काय ऐकू येणार? त्या दिवसापासून वाटी घेऊन मी मागच्या दारी जाते आणि केळीच्या बुडाशी ओतते. आई रिकामी वाटी बघून खूश होते. मी तिच्यासमोर बसून खोटं पचवते आणि दुपारपर्यंत पोटात भूक घेऊन लेबलं लावते.

आणि आता बाईंना वाटतं, मी बोलावं. आपल्यातल्या कुणी सांगितलं तर पोरं ऐकतील म्हणाल्या. पायाचंही सांग म्हणाल्या. डब्याचा पत्रा टाचेत घुसला तरी तुला कळलं नव्हतं, ते. "दुखत नाय म्हणजे काय नाय," म्हणून जखम पार चिघळेपर्यंत ओल्या फरशीवर अनवाणी फिरत राहिलास. इतका राग येतो मला तुझा! एकदा तरी पाय वर करून दाखवला असतास. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं हे कळतं मला, तरी येतो.

गुरुवारी काकूंचीही दवाखान्याची फेरी असते. मी तिथं पेजेचं नाव काढलं की संध्याकाळच्या आत ते आईपर्यंत पोचणार. म्हणून नाहीच जायचं, असं ठरवून काल झोपले.

आज सकाळी ओतून मागे वळले तर आई उभी. हातात लाकडाचा भारा.

"रोज ओततेस?"

"आंबली होती गो."

"आत्ता चुलीवरून उतरवलेय मी."

मग तिनंच विचारलंन, "डॉक्टरीण नको म्हणाली? पेज पण?"

"पेज म्हणजे भातच, आई," माझ्या तोंडून गेलं.

तिनं भारा खाली ठेवलान. माझ्या हातातली वाटी घेतलीन, पाण्याच्या दोणीवर धुतलीन, पुन्हा धुतलीन. मग म्हणाली, "त्यानं कधी ओतलीन नाय."

मी मागे धावले. एकट्या पेजेनं माणूस जात नाही, बाईच म्हणाल्या, टाचेचं आधी कळलं असतं तर, असं काय काय बोलले. तिनं ऐकलंन की नाही कोण जाणे. चुलीपाशी बसून राहिली, चूल न पेटवता. आज कारखान्याला सुट्टी, मी पडवीत हे लिहीत बसले. आत जायचा धीर होत नव्हता.

आत्ता ती आली होती. हातात ताट. बांगड्याचं कालवण, भरपूर माठाची भाजी, आणि कोपऱ्यात मूठभर भात. ताट माझ्यापुढे धरून उभी राहिली आणि भाताकडे बोट करून म्हणाली, "एवढा चालेल?"

मी म्हटलं, थोडा कमी. तिनं तिथंच बोटांनी काढून घेतलान. माझ्याकडे बघितलंन नाही.

उद्या मी जाईन, दादा. टाचेचं सांगेन, पेजेचं सांगेन, वाटी कुणी दिली ते सांगणार नाही. आणि तुला एक शब्द देते. याच आईच्या हातचं खाऊन, तिच्या डोळ्यांदेखत मी म्हातारी होऊन दाखवीन.

तुझी,
शैला