लशींच्या फ्रीजमधलं गार पाणी

आई, तुझ्या आरोग्य केंद्राला नवी इमारत झाली. गेल्या आठवड्यात फीत मीच कापली. बारामतीहून निघाले तर लासुर्ण्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले, आणि माझी वाट बघत मंडळी उन्हात बसून राहिली. आमदार झाल्यापासून उशिराचं कुणी तोंडावर बोलत नाही. तू बोलली असतीस. इमारत चांगली आहे. अर्थसंकल्पात इमारतींना पैसे लवकर मिळतात, कारण इमारतीला फीत बांधता येते. विजेच्या तारांना येत नाही. म्हणून फरशी चकचकीत आणि लशींचा फ्रीज भर दुपारी बंद, अशी आपली तऱ्हा आहे. त्या दिवशी मात्र वीज होती. मी येणार म्हणून होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

शाळा सुटली की मी तुझ्याकडे केंद्रातच यायचे. एप्रिलचं ऊन आहे. नर्सच्या पांढऱ्या साडीत तू कुणाच्या तरी बाळाला लस देते आहेस, आणि मी फ्रीजचं झाकण उचलून गालाला गार हवा लावून घेते आहे. माझी पाण्याची बाटली आत ठेवायचा बेत आहे. पाठीला डोळे असल्यासारखी तू वळतेस आणि माझं मनगट धरतेस. "हितलं गार आपल्यासाठी न्हाय. माठातलं पी जा." त्या बाळाच्या आईसमोर बोललीस म्हणून मला रडू आलं. घरी आल्यावर समजूतही काढली नाहीस, भाकरी थापत राहिलीस. पुढे सरकारच्या जमाखर्चावर मी पुष्कळ वाचलं, पण तुझ्या त्या वाक्यापुढे माझी फारशी मजल गेली असं वाटत नाही.

तर भाषणं झाली आणि तात्या उठले. मला पहिलं तिकीट मिळवून देणारे तात्या, ज्यांच्या शब्दावर कळस गावापर्यंतची मतं फिरतात. त्यांनी लशींच्या फ्रीजमधून एक बाटली काढून माझ्यापुढे धरली. "ताई, घ्या. सकाळपासनं तुमच्यासाठी गार करून ठिवलंय." ड्यूटीवरची नर्स खाली बघत उभी होती. तिचं कुणी ऐकलं नसणार. घसा कोरडा पडला होता, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "तात्या, आई रागवेल."

तात्या हसले. "व्हय की! बाईंनी मला बी एकदा हितनं हाकललं हुतं. लग्नाचं हार ठिवाया आलो हुतो." सगळे हसले, नर्ससुद्धा. वेळ निभावली.

उद्या विधानसभेत आरोग्य आणि ऊर्जा खात्यांवर बोलायचं आहे. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक आरोग्य केंद्राला वेगळी वीजवाहिनी द्या, आणि तिचा खर्च मोठ्या बागायतदारांच्या पंपांची सवलत कमी करून भागवा. लहान शेतकऱ्याची सवलत राहू द्या. विजेचे दर नियामक आयोग ठरवतो असं म्हणून आम्ही हात वर करतो, पण सवलत कुणाला द्यायची ते सरकारच ठरवतं. ज्यांच्या उसावर पाण्याच्या चार-चार मोटारी चालतात त्यांना सांगायचं आहे की, ही सवलत आता तुमच्यासाठी नाही. त्यात पहिले तात्या. माझं पुढचं तिकीटही त्यांच्याच हातात आहे.

भाषणात तुझी ती फ्रीजची गोष्ट घातली होती. ती सांगितली की सभागृह बाकं वाजवेल, तात्या टीव्हीसमोर डोळे पुसतील, आणि सवलत आहे तिथेच राहील. म्हणून मघाशी ती खोडली. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? पर्समध्येच राहील. उद्या 'आई रागवेल' म्हणता येणार नाही. नाही म्हणायचं ते माझं मलाच म्हणावं लागेल, आणि आई, मला तात्यांची भीती वाटते.