कूलरमधल्या धुरकांड्या

४ जानेवारी, रविवार

दादाचा फोन, पुण्याहून. बाबांना तिकडे बोलावून घेतोय, कायमचं. 'बोलावून घेतोय' म्हणाला. 'बोलावू का' नाही. तिकीट पंचवीस तारखेचं. मी म्हटलं, आणि रिटर्न? तर म्हणे, "बघू गं. तू पण सुटशील."

कशातून सुटेन?

बाबा समोरच बसले होते पेपर धरून. स्पीकर ऑन होता, सगळं ऐकलं असणार. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चहा."

आई गेल्यापासून बाबा क्रियापदं वापरत नाहीत. चहा. चष्मा. दार. मी कॉलेज सुटल्यापासून क्रियापदाशिवाय कथा लिहायच्या मागे आहे, एक धड झाली नाही. यांना सहज जमलं.

'जाऊ नका' म्हणायचं होतं. म्हटलं, "साखर घालू?"

६ जानेवारी, मंगळवार

कपडे वाळत घालायला गच्चीवर. कोपऱ्यात आईचा कूलर. कूलर कसला, नुसता पत्र्याचा सांगाडा. मोटर, पंखा, खस, सगळं कधीच गेलं. इथेच भोपाळला, पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा बाबांनी त्याच्या आत दोन पट्ट्या वेल्ड केल्या, जाळी ठेवायला. खाली घमेल्यात निखारे. त्यात आई धुरकांड्या करायची.

हा शब्द आमच्या घराबाहेर कुठेच नाही. खिम्याच्या, बोटाएवढ्या, धुरावर सुकवलेल्या. बाबा साइटवर जायचे, कधी सिंगरौली, कधी कोरबा, आणि जाताना डबा. पोळ्या वाळून जायच्या, कांड्या नाही. ते परत आले की मी आणि दादा स्टेशनवरच बॅगेवर तुटून पडायचो, उरल्यात का बघायला. बॅगेला ग्रीसचा वास, धुराचा वास, आणि ट्रेनचा. अजूनही कुणी लोखंडी काही कापत असेल तर मला भूक लागते. कुणाला सांगण्यासारखं नाही हे.

या घरी, कोलार रोडला आल्यावर आईने एकदाच केल्या. मग गुडघे. मग बाकीचं.

ठरलं. पंचवीसच्या आत करायच्या. बाबांना खायला घालायच्या. मग कसे जातात बघते. (लाच? हो, लाच.)

१० जानेवारी, शनिवार

जहांगीराबादला जाऊन खिमा आणला. खाटीक म्हणे, "बीबी, कित्ता बारीक?" म्हटलं, दो बार निकालो. "चर्बी?" डालो. "कोफ्ते बन रिये हैं?" नाही म्हटलं, डंडी बनेगी, धुएँ वाली. त्याने खिमा परत मशीनमध्ये घातला. मग म्हणाला, "जो बन रिया हो, खिलाना जरूर।"

प्रमाण माहीत नाही. आई हातानेच घ्यायची. लसूण, मिरी, मीठ, साताऱ्याहून येतो तो कांदा-लसूण मसाला. चिकट होईपर्यंत मळायचं, हे मात्र हाताला आठवलं. माझ्या नाही, तिच्या हाताला. म्हणजे तिचा हात डोळ्यासमोर आला आणि मी तसं केलं. हे वाक्य नंतर नीट करणे.

खिमा फ्रीजमध्ये.

११ जानेवारी, रविवार

प्रयोग १. फेल.

सोऱ्यात भरून जाळीवर कांड्या पाडत होते. बाबा पाणी प्यायला किचनमध्ये आले, सोऱ्याकडे बघून थांबले.

"दिवाळीचा."

"काय?"

"चकलीचा तो."

"मग मटणाचा कुठला?"

"लाल दोऱ्याचा. वर."

माळ्यावर खरंच दुसरा सोऱ्या, मुठीला लाल दोरा बांधलेला. आई दोन वेगळे ठेवायची हे मी या घरात राहून विसरले. या दिवाळीच्या चकल्या आता मटणाच्या. आई असती तर सोऱ्या गोमूत्राने धुतला असता आणि मला पण.

पण आठवड्यातलं आमचं सगळ्यात मोठं बोलणं झालं हे. लिहून ठेवते.

बाकी: कोळसा जास्त झाला. वरून चप्पल, आतून कच्चं. शेजारच्या सक्सेना आंटी त्यांच्या गच्चीवरून, "बेटा, कूलर को ठंड लग रही है क्या? आग पे सेंक रही हो!" मग आवाज खाली करून, "बन जाए तो इधर भी भेजना। अंकल को मत बताना, उनका कोलेस्ट्रॉल है।"

बाबांना दिल्या नाहीत. देण्यासारख्या नव्हत्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. दादाने तिळगुळाचा फोटो पाठवला, खाली 'गोड बोला'. बाबांच्या खोलीत त्यांची सूटकेस पलंगाखालून बाहेर आलीय. उघडी. रिकामी. तिला वळसा घालून फरशी पुसली.

विचार करत होते, नुसत्या कोळशाने तो वास येत नाहीये. आई काहीतरी लाकूड टाकायची. कुठलं?

आणि एकदम आठवलं. क्वार्टरची मागची पायरी, मी फ्रॉकमध्ये, पलीकडच्या भाभी विचारतायत, काहे की लकड़ी है? आणि आई म्हणतेय, "नीम की।" स्पष्ट. तिचा आवाज पण. हा आवाज किती महिने आठवायचा प्रयत्न करत होते, हॉस्पिटलमधलाच यायचा. आज हा आला, दम असलेला, थोडा भांडखोर.

कॉलनीच्या पार्कात नीमची वाळकी फांदी पडलीय. उचलून आणली.

१८ जानेवारी, रविवार

प्रयोग २. आच मंद, रंग सुंदर, मोडली तर आतून नीट शिजलेली. खाल्ली. कडूजहर. जीभ अजून सुन्न आहे.

पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की बाबा गच्चीवर आले. आई गेल्यावर पहिल्यांदा.

"काय जाळून राहिली तू?"

(क्रियापद! आणि वऱ्हाडी! साताऱ्याच्या आईसमोर ते कायम शुद्ध बोलायचे, चिडले किंवा खूश असले की मात्र अमरावती बाहेर यायची.)

"नीम."

"कोणती नीम?"

"नीम म्हणजे नीम. आई हेच टाकायची ना. मी ऐकलंय."

बाबा टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मला आधी वाटलं रडतायत.

"अगं, ती गोडलिंबाची काडी! कढीपत्ता! इथले लोक त्याला मीठी नीम म्हणतात, ती."

"मग आई नुसतं नीम का म्हणायची?"

"तिला मीठी म्हणायचंच नसायचं ना. नवीन नवीन आली होती भोपाळला. भाजीवाला ठेला घेऊन आला, म्हणाला, बहनजी मीठी नीम ले लो. तर ही काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मीठवाली नहीं चाहिए, भैया. सादी दो."

"नाही!"

"सादी दो! तो बिचारा जुडी धरून उभा. अख्खी लाइन हसली. बायका तिला वर्षभर चिडवायच्या, भाभी, नीम में नमक ठीक है? तेव्हापासून तिने तो शब्दच टाकला. कढीपत्ता म्हणजे नीम. आणि नीम असेल तर कडू नीम. जलेबी खाल्ली तरी 'अच्छी है' म्हणेल, 'मीठी है' नाही म्हणणार. मरेपर्यंत नाही म्हणाली."

इतकं हसलो की सक्सेना आंटी बाहेर आल्या. त्यांना सांगितलं तर त्या आमच्यापेक्षा जास्त हसल्या, मग पदर डोळ्याला लावला. "तभी! मैं कहूँ, मेरे पेड़ को रोज़ नीम-नीम क्यों कहती थीं।"

अख्खं आयुष्य एका शब्दाला वळसा घालून काढलं बाईने. आणि तो वळसा मी खरा रस्ता समजले.

मग बाबा उठले, हात झटकले. "दादाकडे कुंडीत आहे म्हणे कढीपत्ता," म्हणाले आणि खाली गेले.

१९ जानेवारी, सोमवार

सक्सेना आंटींची मीठी नीम कंपाउंडच्या वर गेलीय. म्हणाल्या छाटायचीच होती, घेऊन जा. चांगल्या अंगठ्याएवढ्या फांद्या मिळाल्या. गच्चीवर वाळत टाकल्या. पानांचा ढीग किचनमध्ये, घरभर फोडणीचा वास, फोडणी नसताना.

वाळतील का वेळेत? भोपाळचं जानेवारीचं ऊन म्हणजे नुसतं दिसायला.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी वर गेले तर फांद्या उलटवलेल्या. लहान तुकडे केलेले, सालं काढून एका बाजूला. बाबांना विचारलं नाही. जेवताना स्वतःच म्हणाले, "ओलं जाळशील तर वाफ येईल, धूर नाही." आणि पुढे, "दादाला सांगितलं, माझ्यासाठी चादरी विकत घेऊ नको म्हणून. माझ्या आहेत."

चादरी पण नेतायत म्हणजे.

कथा लिहायला बसले: 'वास' हाच नायक, माणसं फक्त त्याची जागा. एक पान. फालतू. फाडलं.

२४ जानेवारी, शनिवार

प्रयोग ३. दोघांनी.

बाबांनी कूलरच्या तोंडाला ओलं गोणपाट लावलं, धूर कोंडायला. हे मला कधीच सुचलं नसतं. घमेल्यात निखारे थोडेच, वर गोडलिंबाचे तुकडे. आधी काही नाही. मग पत्र्याच्या फटीतून बारीक निळा धूर आला आणि

तोच.

लिहिता येत नाहीये. दुपारची क्वार्टरची लाइन, कुणाचा तरी रेडिओ, कारखान्याचा भोंगा, आई खुरपं हातात घेऊन जाळीकडे बघतेय, 'हात लावलास तर बघ'. सगळं त्या फटीतून बाहेर. मी बाबांकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे नाही. दोघं कूलरकडे बघत बसलो, जणू कूलर टीव्ही आहे.

संध्याकाळी ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवून पुरत्या शिजवल्या. बाबांनी एक घेतली. मोडली. वास घेतला. सावकाश खाल्ली. दुसरी घेतली.

"मीठ कमी," म्हणाले.

"सादीच केली," मी म्हटलं. हसले.

मग म्हणाले, "दादाच्या सोसायटीत गॅलरीत अगरबत्ती लावली तरी नोटीस येते." आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे वाट बघत होते बहुतेक. बहुतेक. 'मग नका जाऊ', इतकंच तर म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंडात कांडी होती. गिळेपर्यंत ते उठून बॅग भरायला गेले.

लाच दिली आणि मागायचं ते मागितलंच नाही. मूर्ख.

२५ जानेवारी, रविवार

निघताना डबा दिला. बाबांनी उघडला, अर्ध्या काढून ताटलीत ठेवल्या.

"ह्या राहू दे."

"मला नकोत एवढ्या."

"राहू दे म्हटलं ना."

सक्सेना आंटी गेटवर, अंकलपासून लपवून हातात दोन कांड्या. "भाईसाहब, जल्दी आइएगा।" बाबा म्हणाले, "हाँ हाँ," जसं सगळ्यांना म्हणतात.

स्टेशनवर गर्दी. खिडकीतून म्हणाले, "येतो."

आपल्यात जाणारा प्रत्येक जण येतोच म्हणतो. आई पण ॲम्ब्युलन्समध्ये चढताना 'येते गं' म्हणाली होती. त्यामुळे यातून काही कळत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

घर मोठं झालंय. चहा एकाच कपाचा करायचा आणि तो नेहमी जास्त होतो.

दादाचा मेसेज: बाबा छान रुळतायत, सकाळी बागेत जातात, मराठी माणसं भेटली, खूश आहेत. आनंद झाला. (झाला नाही.)

ताटलीतल्या कांड्या डब्यात घालून फ्रीजमध्ये मागे सरकवल्या. खाल्ली नाही एकही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांचा व्हिडिओ कॉल. नेहमीसारखं फक्त कपाळ दिसत होतं.

"संपवल्यास?"

"नाही."

"आता खराब होतील."

"मग या."

निघून गेलं तोंडातून. कपाळ हललं नाही. मागे कुकरची शिट्टी, दादा कुणाशी तरी पार्किंगवरून बोलत होता.

मग म्हणाले, "तिकडे थंडी आहे अजून?"

"सकाळची आहे."

"इथे नाही विशेष." मग, "माझा तो करडा स्वेटर तिकडेच राहिला."

"बघितला. पाठवू का कुरियरने?"

दादाचं पार्किंग संपलं, दार वाजलं.

"नको," म्हणाले. "असू दे तिथेच."

दारामागच्या खुंटीवर आहे. हलवला नाही.