दोन ठोके गप्प

दि. ४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य उलटंपालटं झालं. कॉलेज सोडलं तेव्हाही इतकं झालं नव्हतं, तेव्हा फक्त घर झालं होतं.

आमचा कंपू तुम्हाला ठाऊक आहे. सायकलवाल्याच्या दुकानामागची खोली, चौदा जण, मी ड्रमवर, आणि तुमची टेप. मी अकरा वर्षांचा असताना तुम्ही दिलेली तीच, ज्या बँडची गाणी आम्ही वाजवतो त्याच्या हॉलमधल्या कार्यक्रमाची. तो बँड कधीच मोडला, त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघालीच नाही, त्यामुळे चौदाही जणांकडे याच टेपच्या नकला. शेवटच्या गाण्यात ‘आवाज माझा’ म्हणून गायक आणि अख्खा बँड दोन ठोके थांबतो. त्याला आम्ही ‘गप्प’ म्हणतो. तिथे गप्प राहिला तो अस्सल, तोंड उघडलं तो बेगडी. नव्या माणसाची हीच परीक्षा.

काल चष्म्याच्या दुकानातली ती आली. माझ्या झेरॉक्सच्या दुकानापासून तिसरं दुकान. तिच्यापायी मी दीड महिन्यात तीनदा डोळे तपासून घेतलेत. डोळे ठणठणीत आहेत, बाकी मी नाही. मीच तिला बोलावलं होतं. गाणं लागलं, गप्प आली, आणि ती एकटीच मोठ्यांदा ‘अजून आहे’ असं गायली. सगळे हसले. आमचा म्होरक्या दाढी, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मामा, मी सगळ्यांदेखत तिला बेगडी म्हणालो. वर टी-शर्टवर बँडचं नाव मिरवलं की झालं, असंही. ती शांतपणे म्हणाली की तिची आई त्या दिवशी हॉलमध्ये होती आणि गायक तिथे थांबलाच नव्हता. मी म्हणालो, माझे मामा पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. ती निघून गेली.

तुम्ही फक्त चार ओळी लिहा की गप्प खरी आहे. मी तिला दाखवीन, ती नमेल, मग मी मोठ्या मनाने माफ करीन. २४ तारखेला आमचा कार्यक्रम आहे, त्याआधी हे मिटायला हवं. मामींना नमस्कार. लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असू द्या.

आपला,
धडाम


दि. ८ मार्च

चि. धडाम यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. ती दोनदा उठून आत जाऊन हसून आली.

मी पहिल्या रांगेत कधी बसलो रे? त्या संध्याकाळी मी घरी होतो, बनियनवर. कार्यक्रम रेडिओवर लागला होता. रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवला आणि मामीला ताकीद दिली की भांडं वाजता कामा नये. बिचारीने सव्वा तास भांडं वाजू दिलं नाही. शेवटच्या गाण्यात नेमकं माझंच नाक हुळहुळलं. शिंक टेपवर जाऊ नये म्हणून एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्याने टॉवेलचा बोळा माइकवर. दोन ठोके म्हणतोस ना, तेवढाच वेळ लागला. इतरांच्या कामात माशी शिंकते, तुझ्या प्रेमात मामा शिंकला.

पोरीची आई खरं सांगते. तुला चार ओळी हव्या होत्या, या घे. पण टेप देताना मी तुला रेडिओच म्हणालो होतो, नीट आठव. पहिली रांग कोणी जोडली? मामीचा निरोप असा की शिंक मामाची, जीभ मात्र भाच्याची. मुलगी उंच आहे का, असंही विचारते आहे.

आईला आठवड्यातून एकदा तरी तोंड दाखवत जा. तापट डोकं सांभाळ आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा


दि. १८ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कळावे, लोभ असावा, मामींना नमस्कार आणि हो, उंच आहे. हे सगळं आधीच उरकतो, शेवटी मला सुचणार नाही.

आठवलं. तुम्ही रेडिओच म्हणाला होतात. दाढीने कंपूत घ्यावं म्हणून सतराव्या वर्षी पहिली रांग मी जोडली, आणि इतक्यांदा सांगितली की तिथली खुर्चीसुद्धा मला दिसायला लागली.

तुमचं पत्र दोन दिवस खिशात चुरगळलं. मग चष्म्याच्या दुकानात गेलो. तिने न बोलता बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर ठेवली आणि समोरच्या पाटीवरचं वाच म्हणाली. मी तुमचं पत्र वाचलं. शिंकेपाशी तिच्या हातातली काच हलली. मग मी माफी मागितली. ती म्हणाली, बेगडी म्हणताना ऐकायला खोलीभर माणसं होती, आता मी एकटी. ही तर नक्कल झाली, तीही फिकी. मामा, झेरॉक्सवाल्याला असं बोलतात का? पण बरोबर होतं. रविवारी येते म्हणाली, मात्र जिथे हसले तिथे पाय ठेवणार नाही, पायरीवर थांबेन.

म्हणून काल मी खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि सगळं सांगितलं. रेडिओ, बनियन, टॉवेल, शिंक. सायकलवाल्याने शिंक केवढी होती ते विचारलं. दोघं-तिघं पोट धरून हसले. दाढी हसला नाही. कार्यक्रमाची पोस्टरं भिंतीशी रचलेली होती, माझ्याच दुकानात काढलेली, वर ठळक ‘पहिल्या रांगेतली टेप’. तो म्हणाला, २४ तारखेपर्यंत हे या खोलीबाहेर जाता कामा नये. गायक थांबला असो वा नसो, इतकी वर्षं आपण थांबलो, गप्प आता आपली आहे.

खरं सांगतो, त्यात तथ्य आहे. माझ्या अंगावर आजही तिथे काटा येतो. मी म्हणालो, गप्प ठेवा, पण मामाची शिंक म्हणून ठेवा, पोस्टरवरची ओळ खोडा, आणि ती बरोबर होती हे एकदा मोठ्याने म्हणा. दाढी म्हणाला, पायरीवर उभं राहून कोणी अस्सल होत नाही. कान तापले माझे. ड्रमला लाथ बसणारच होती. पण तोंडातून निघालं ते असं, की या खोलीत बेगडी एकच, तो तीन वर्षं ड्रमवर बसलाय आणि परीक्षा घेतोय.

मग काठ्या ड्रमवर ठेवल्या. चोवीसला वाजवणार कोण, असं दाढीने विचारलं, जरा खालच्या आवाजात. सायकलवाल्याने बाही धरली, ती सोडवली. पायरीवर ती बसली होती. मला पाहून थोडी बाजूला सरकली. मी बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.